आधी एकच डबा

७ डिसेंबर

थंडी पडली. लेट्यूस, म्हणजे सॅलडची पानं, लावायचा असेल तर पुण्यात हेच दिवस. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की पानं कडू होतात आणि झाड फुलोऱ्यावर येतं, मग हाताला काही लागत नाही.

यंदा तो मातीविना, नुसत्या खताच्या पाण्यावर वाढवायचा, म्हणजे हायड्रोपोनिक्स. त्याचे तयार संच बरेच पाहिले. पांढरे पीव्हीसी पाइप, पंप, टायमर. चांगले असतील, पण सुरुवातीला ते नकोच असं माझं ठाम मत झालंय. पंप लागला की वीज आली, आणि आमच्याकडे गुरुवारी वीज गेली की दुपार कोरडी जाते. मी क्रॅट्की पद्धत धरली आहे. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावानं ती ओळखली जाते. झाकणाचा डबा, झाकणाला भोक, भोकात जाळीची छोटी कुंडी आणि खाली खत विरघळवलेलं पाणी. बस्स. लेट्यूसच्या एका गड्ड्याला जवळपास चार लिटर पाण्यात काढणीपर्यंत भागतं.

आज स्पंजच्या चौकोनी तुकड्यांवर बी टाकलं. लेट्यूसच्या बियांना उगवायला उजेड लागतो, त्यामुळे ते दाबायचं नाही, नुसतं वर ठेवायचं आणि स्पंज ओला राखायचा.

१४ डिसेंबर

रोपांना दोन दोन पानं आली. आता खताचा प्रश्न. या खतांची नावं म्हणजे नुसते आकडे: नत्र, स्फुरद आणि पालाश किती टक्के, ते. म्हणून मामाला फोन लावला. निफाडला त्याची द्राक्षबाग आहे. बागेत डिपिंगची, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याची घाई चाललेली, तरी निवांत बोलला.

“मामा, एकोणीस-एकोणीस-एकोणीस टाकलं तर चालेल ना? कृषी सेवा केंद्रात लगेच मिळतं.”

“अगं, त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं. मातीत जिवाणू असतात, ते युरिया फोडून मुळाला देतात. तुझ्या डब्यात हे काम कोण करणार? आणि कॅल्शियम कुठंय त्यात?”

मग त्यानं सगळं तोंडपाठ सांगितलं: कॅल्शियम नायट्रेट, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस, मॅग्नेशियम सल्फेट, वर सूक्ष्म अन्नद्रव्यं. बागेला ठिबकमधून हेच तो वर्षानुवर्षं देतो. ऐकताना वाटलं, आपल्याकडे विद्राव्य खतं ठिबकनं सोडणाऱ्या शेतकऱ्याला हायड्रोपोनिक्सचं अर्धं शास्त्र आधीच अवगत आहे. आपण शहरातले लोक ते परदेशी म्हणून बघतो आणि मोठ्या किमतीला विकत घेतो. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स यांनी रोपं नुसत्या क्षारांच्या पाण्यात वाढवून दाखवली, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे: झाडाला हवे ते क्षार, पाण्यातून, योग्य प्रमाणात.

खतं दोन बाटल्यांत का येतात, तेही आज डोळ्यांनी पाहिलं. कॅल्शियम नायट्रेटचं घट्ट द्रावण चमचाभर घेऊन त्यात मॅग्नेशियम सल्फेटचं घट्ट द्रावण घातलं. क्षणात दुधासारखं पांढरं झालं आणि तळाला गाळ बसला. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम झालं, ते मुळांच्या काय कामाचं? फॉस्फेटबरोबरही असंच होतं. म्हणून ‘ए’, म्हणजे कॅल्शियमची बाटली, आधी भरपूर पाण्यात मिसळायची, ढवळायचं, मगच ‘बी’, म्हणजे सल्फेट-फॉस्फेटची, घालायची.

१७ डिसेंबर

रोपं डब्यात बसवली. पाणी पालिकेच्या नळाचं घेतलं, बादलीत रात्रभर उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. टँकरचं पाणी घेतलं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर नळाचं शंभराच्या आसपास दाखवतो, टँकरचं सहाशेच्या वर. पाण्यातच एवढे क्षार असतील तर खत घालायला जागा उरत नाही. लेट्यूसला ईसी (पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून क्षारांचा अंदाज देणारा आकडा) ०.८ ते १.२ पुरे. सामू (पीएच, पाण्याची आम्लता) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवायचा. तो वर गेला की लोह मुळांना मिळेनासं होतं, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

डब्याला आतल्या पाण्यापर्यंत उजेड पोचू नये म्हणून काळा रंग दिला, आणि पाणी तापू नये म्हणून त्यावर पांढरा. आत उजेड शिरला की शेवाळ आलंच.

आईला काळजी डेंग्यूची. रास्त आहे. तो पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीभोवतीची फट स्पंजनं घट्ट बुजवली आणि तिला दाखवली, तेव्हा तिनं डबा गॅलरीत ठेवू दिला.

६ जानेवारी

आज झाकण उचललं आणि बराच वेळ बघत बसले. पाणी चार बोटं खाली गेलंय. पाण्यात बुडालेली मुळं लांब, सरळ, फारशा फांद्या नसलेली. आणि झाकण ते पाणी या मोकळ्या जागेत लोंबणारी मुळं अगदी वेगळी: आखूड, दाट, पांढरी लव असलेली. एकाच रोपानं दोन कामांसाठी दोन तऱ्हेची मुळं केलीत. वरची दमट हवेतला ऑक्सिजन घेतात, खालची पाणी आणि खत. मातीतल्या झाडाचं हे कधी दिसलंच नसतं.

“पाणी कमी झालंय की गं, भर ना,” आई तांब्या घेऊन आली. कुंड्यांना रोज पाणी घालायची तिची सवय. मी तिला ती लव दाखवली आणि सांगितलं, आता काठोकाठ भरलं तर ही वरची मुळं गुदमरतील. अगदी तळाला गेलं तर थोडं घालू, पण ही पोकळी राहू द्यायची. तिनं तांब्या तुळशीला ओतला. या पद्धतीतलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, ती पोकळी सांभाळायची. बाकी मीटर, बाटल्या नंतर.

२५ जानेवारी

बाहेरची पानं काढली, मधला कोंब ठेवला. काकडी, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर केली. पानं करकरीत होती. आईनं दोनदा घेतली.

उन्हाळ्यात लेट्यूस नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि मुळं कुजायला लागतात, त्यात या पिकाला मुळातच थंडी हवी. त्यापेक्षा मायाळू लावावा, त्याला ऊन मानवतं आणि कांडं नुसत्या पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात. पुदिन्याचंही तसंच. येत्या शनिवारी मंडईत दोन्ही बघायचं, जाड देठाची जुडी मिळाली तर घ्यायची.