ब्रोच आधी उलटा करून बघा

लग्नसराईत नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठुशी, तन्मणी आणि नथींचीच गर्दी असते. ब्रोच, म्हणजे कपड्यावर पिनेने लावायचा दागिना, क्वचितच येतो, आणि आला की हातातलं काम बाजूला सारून मी तो आधी बघते.

गेल्या उन्हाळ्यात सदरहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी 1948 साली मायदेशी परतताना आईला हा ब्रोच दिला, असं घरात सांगत आलेले. आता भाचीला तो लग्नात लावायचा होता. "मुलामा नवा करा न् खडे सगळे बदलून टाका," त्या म्हणाल्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांना ऐकवलं होतं, "मागे नाव नाही ना ताई, मग कशाची किंमत?"

हे ऐकलं की मला राग येतो. खोट्या दागिन्यांत नाव नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट. अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या डिलिझा अँड एल्स्टर कंपनीचंच घ्या. 1947 पासून त्यांनी दुसऱ्यांसाठी ढीगभर माल बनवला, पण त्यावर शिक्का नाही. 1967-68च्या सुमारास काही मालाला 'ज्युलियाना' नावाची कागदी चिठ्ठी तेवढी बांधली. ती कोण जपून ठेवणार? त्यामुळे आता बिननावाचा कुठलाही चमकदार ब्रोच 'ज्युलियाना' म्हणून खपवतात. बाईंच्या भाच्यानेही मोबाइलवर तसलाच फोटो शोधून दाखवला. समोरून सारखं दिसणं हा पुरावा नव्हे. पुरावा पाठीवर असतो.

मी ब्रोच उलटा केला. ठशात दाबून काढलेली पितळी जाळी, त्यावर झाळलेली पिन. पिन अडकवायला इंग्रजी सी अक्षरासारखा नुसता आकडा. टोक आत धरून ठेवणारी फिरती कडी नाही. अशी कडी विसाव्या शतकात हळूहळू रुळली, पण स्वस्त मालात साधा आकडा 1930 नंतरही चालू होता. म्हणून एकट्या आकड्यावरून साल ठरवू नये. मधला जांभळा काचेचा खडा आणि त्याभोवतीचं नाजूक जाळीकाम मात्र बोहेमियाच्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) याब्लोनेत्स भागातल्या कामाशी जुळत होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथून असा माल जगभर जायचा.

इथवर सगळं ठीक. पण कडेच्या बारीक खड्यांपैकी तीन हलवले की निळे, गुलाबी, हिरवे होत होते. हा रंग काचेचा नसतो, वरून चढवलेल्या धातूच्या अतिशय पातळ थराचा असतो. स्वारोवस्की या ऑस्ट्रियाच्या काचखडे बनवणाऱ्या कंपनीने तो फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन दिओरबरोबर 1955-56च्या सुमारास आणला, नाव 'अरोरा बोरिआलिस'. 1948च्या ब्रोचमध्ये तो असूच शकत नाही. मी तसं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आईचंच काही चुकलं?"

मी भिंग लावलं. बाकीच्या खड्यांना धरणाऱ्या नख्या घट्ट आणि एकसारख्या वळलेल्या होत्या. या तिघांच्या उचलून पुन्हा दाबलेल्या, एकीचं टोक तुटलेलं, आणि कडेने पिवळट गोंद डोकावत होता. खडे नंतर बसवलेले! हे ऐकताच बाईंना आठवलं, त्या शाळेत असताना आईने बर्डीवरून खडे बसवून आणले होते. 1948 हे साल ब्रोच सिद्ध करत नाही, पण आता खोटंही पाडत नव्हता.

मुलामा करायला मी साफ नकार दिला. खड्यांच्या मागे चंदेरी कलई असते. मुलाम्याच्या द्रावणात बुडवलं की पाणी मागे शिरतं, कलई काळी पडते आणि खडा कायमचा मरतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली, बिजागरीजवळचा हिरवा जंग लाकडी काडीने अलगद खरवडला, सैल पिन दाबून घेतली. ते तीन खडे बदलायचे का, विचारलं. बाई म्हणाल्या, "आईने बसवलेले आहेत, राहू द्या."

आकड्याला कडी नाही, म्हणून पिनच्या टोकावर चढवायला रबराची बारीक नळी दिली. पैठणीच्या पदरावर लावू नका, जरीचे धागे ओढले जातील. ब्लाऊजच्या खांद्यावर, आतून जाड कापडाचा तुकडा ठेवून लावा, असं भाचीसाठी कागदावर लिहून दिलं.