चिंगीच्या रात्री

आमची कुत्री चिंगी तेरा वर्षांची झाली त्या सुमारास एका संध्याकाळी ती बाहेर जाण्यासाठी दाराशी येऊन उभी राहिली, पण कडीच्या बाजूला नव्हे, तर बिजागरीच्या बाजूला. मी दार उघडले तरी ती जागची हलली नाही. बिजागरीच्या फटीला नाक लावून, तिथूनच वाट मिळणार अशा खात्रीने ती उभी होती. तिला हाताने वळवून मी बाहेर नेले आणि तो प्रकार हसण्यावारी नेला. त्या उभ्या राहण्याचा अर्थ कळायला मला पुढे आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत बरेच काही घडत होते, परंतु प्रत्येक गोष्टीला आमच्याजवळ सोयीचे कारण तयार असे. फिरून आल्यावर दहाच मिनिटांत तिने खोलीत लघवी केली की तो हट्ट ठरे, हाकेला मान वळली नाही की कान गेले असे आम्ही म्हणत असू, आणि दिवसभर झोपून रात्री जागणे हे तर म्हाताऱ्या कुत्र्याचे चालायचेच. लघवी पुसताना मी तिला रागावत असे, हे मला आजही बोचते, कारण ती शरमेने मान खाली घालत नव्हती, तर मी कशाबद्दल बोलते आहे हेच तिला उमगत नव्हते.

डोळे उघडले ते रात्रीच्या येरझाऱ्यांमुळे. पहाटे दोनच्या सुमारास ती उठे आणि भिंतीला धरून एकाच दिशेने फेऱ्या घालू लागे. फरशीवर नखांचा टकटक आवाज होई, मग तो थांबे, आणि उठून पाहावे तर ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बेचक्यात तोंड घालून उभी असे. मागे सरकून बाहेर पडता येते हेच तिला सुचत नसे. धाकट्या भावाने मोबाइलवर त्याचे चित्रण केले आणि आम्ही ते घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. माझ्या लांबलचक वर्णनापेक्षा त्या दीड मिनिटाच्या चित्रणाचा उपयोग कितीतरी अधिक झाला, कारण तपासणीच्या टेबलावर चिंगी नेहमीच शहाण्यासारखी वागते.

डॉक्टरांनी लगेच निदान सांगितले नाही. म्हातारपणी मेंदूची समज कमी होण्याचा हा विकार असतो, पण त्याची खात्री देणारी एकच एक चाचणी नाही आणि अशीच लक्षणे दिसणारे इतर आजार आधी बाजूला काढावे लागतात, असे त्यांनी समजावले. त्याप्रमाणे रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासले गेले, थायरॉईड व मूत्रपिंडे पाहिली गेली, डोळे आणि सांधे तपासले गेले. त्यात मागच्या पायांची सांधेदुखी सापडली. वेदनेवरचे औषध सुरू झाल्यावर रात्रीची अस्वस्थता खरोखरच थोडी उतरली. ज्याला आम्ही विसरभोळेपणा समजत होतो त्यातला काही भाग निव्वळ दुखणे होता. दाराची चुकणारी बाजू आणि बेचक्यात अडकणे मात्र तसेच राहिले. मेंदूचा एमआरआय करायचा तर भूल द्यावी लागली असती, आणि त्यातून उपचारात फारसा फरक पडणार नव्हता, म्हणून तो आम्ही केला नाही.

माणसांच्या अल्झायमरमध्ये बीटा अमायलॉइड नावाचे जे प्रथिन मेंदूत साठते, तेच हा विकार झालेल्या कुत्र्यांच्या मेंदूतही साठते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये या विकाराचे किमान एक तरी लक्षण आढळले होते. हे आकडे वाचून मला आधी हायसे वाटले आणि मग रागही आला, की इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीविषयी आम्हाला काहीच कसे ठाऊक नव्हते.

यावर सेलेजिलिन हे औषध दिले जाते. कुत्र्यांतील याच विकारासाठी अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. ते सकाळी द्यायचे असते आणि गुण दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी चिंगीच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीची यादी मागितली, कारण ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि नैराश्यावरची काही औषधे त्याच्याबरोबर चालत नाहीत. पाचव्या आठवड्यात ती मला दारात घ्यायला आली, जे तिने कित्येक महिन्यांत केले नव्हते. औषधाने ती पूर्वीची झाली असे मी म्हणणार नाही. घसरण मंदावली, एवढेच मला दिसले. झोपेसाठी मेलाटोनिनही मिळाले, पण माणसांसाठीच्या काही गोळ्यांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचे गोडी आणणारे द्रव्य असते आणि ते कुत्र्यांना विषारी ठरते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातली डबी उघडू नये.

औषधापेक्षा घराच्या मांडणीने आम्हाला अधिक हात दिला, असे माझे मत आहे. सगळी बेचकी उशा कोंबून बुजवली, गुळगुळीत फरशीवर न घसरणाऱ्या सतरंज्या अंथरल्या, आणि तिच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवला. सकाळी ऊन अंगावर घेत सावकाश फेरी, दुपारी तिला थोडे जागे ठेवायचे, आणि झोपण्याआधी न चुकता बाहेर नेऊन आणायचे, असा क्रम बसवला. तिचे नाक अजून शाबूत होते, म्हणून जेवणातला थोडा भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून तिला शोधायला देऊ लागलो. त्या पाच मिनिटांत तिचे कान जसे ताठ होतात तसे दिवसात इतर वेळी होत नाहीत. चूकही झाली. रंगकामासाठी आम्ही सोफा दुसऱ्या भिंतीला लावला आणि ती चार दिवस स्वतःच्याच घरात हरवल्यासारखी फिरत राहिली. सोफा परत जागेवर आणला. भिंत अजून तशीच अर्धवट रंगलेली आहे.

या सगळ्यात माणसांचे काय होते याविषयी फारसे बोलले जात नाही. सलग तीन महिने झोपमोड झाल्यावर एका पहाटे मी तिच्यावर ओरडले. आई उठून आली आणि एवढेच म्हणाली, "अगं, तू झोप जा, मी बसते तिच्याजवळ." चिंगीच्या फेऱ्या चालूच होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी आणि भावाने रात्री वाटून घेतल्या, आणि ज्याची पाळी नाही त्याने दार लावून झोपायचे, असे ठरले. हे आम्ही पहिल्याच महिन्यात करायला हवे होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी आता एक वही ठेवते. खाणे, झोप, चालणे आणि आम्हाला ओळखणे यांपुढे रोज बरे किंवा वाईट एवढेच लिहायचे. वहीच्या पहिल्या पानावर, मन थाऱ्यावर असताना, आम्ही तिघांनी मिळून लिहून ठेवले आहे की कोणत्या अवस्थेच्या पुढे चिंगीला ओढत न्यायचे नाही. कारण रोज सोबत राहणाऱ्याला उतार दिसत नाही आणि प्रत्येक चांगली दुपार सगळे विसरायला लावते. ते पान मी क्वचितच उघडते. गेल्या आठवड्यात झोपेपुढे चार बऱ्या रात्री आणि तीन वाईट अशी नोंद आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना ती वहीच न्यायची आहे.