सेंटी पॉइंटच्या अलीकडचा पाऊस

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्ट हार्डीहून प्रिन्स रूपर्टला जाणारी दिवसाची फेरी प्रवाशांसाठी निव्वळ आराम असते. सुरुवातीला क्वीन शार्लट साउंडमध्ये पॅसिफिकच्या लाटा हलवतात, तेवढंच. पुढे बेटांमधलं शांत पाणी, धबधबे आणि पाऊस. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर उलटं असतं: पाणी शांत होतं तशी वाट अरुंद होते.

त्या दिवशी वॉच, म्हणजे जहाज चालवायची पाळी, माझी होती. मॅके रीच हा अरुंद जलमार्ग संपवून राइट साउंडच्या रुंद पाण्यात आलो आणि पावसानं समोरचा किनारा पुसून टाकला. इथून सेंटी पॉइंटपाशी उजवीकडे वळून ग्रेनव्हिल चॅनेलमध्ये शिरायचं. याच वळणावर, उलट दिशेनं येणारी ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही प्रवासी बोट २२ मार्च २००६ च्या मध्यरात्रीनंतर वळलीच नाही. सुमारे चौदा मिनिटं सरळ जाऊन ती गिल बेटावर आदळली आणि बुडाली. १०१ पैकी ९९ जण वाचले. हार्टली बे गावचे लोक भर काळोखात आपापल्या होड्या काढून मदतीला गेले होते.

पावसात रडार लावणं ही कला आहे. तीन सेंटिमीटर लहरींचा एक्स बँड रडार बारीक वस्तू टिपतो, पण जोराच्या सरीत पडदा भरून जातो. दहा सेंटिमीटर लहरींचा एस बँड पावसाच्या आरपार पाहतो, मात्र चित्र जाडंभरडं देतो. म्हणून दोन्ही चालू हवेत. नव्या अधिकाऱ्यांची एक खोड मला मुळीच पटत नाही: पडदा स्वच्छ दिसेपर्यंत रेन क्लटरची, म्हणजे पावसाचे ठिपके पुसणारी, कळ फिरवत राहायची. पावसाबरोबर होडीचा ठिपकाही जातो, आणि स्वच्छ पडदा पाहून माणूस निर्धास्त होतो.

सर आल्याबरोबर कॅप्टनना वर बोलावलं, वेग सतरा नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) बारावर आणला, भोंगा सुरू केला. तरी होडी आधी दिसली ती लुकआउटच्या, म्हणजे नजर ठेवणाऱ्या खलाशाच्या, डोळ्यांना. फायबरग्लासची मासेमारी होडी, आपली जागा आपोआप कळवणारं एआयएस यंत्र नाही, रडारच्या लहरी परतवणारा रिफ्लेक्टर नाही, अंतर जेमतेम अर्धा सागरी मैल, आणि नेमकी आम्ही वळणार त्या बाजूला. बारा नॉटला अर्धा मैल म्हणजे अडीच मिनिटं. एस बँडवर तिचा ठिपका उमटला तो त्याहून बराच जवळ आल्यावर. रिफ्लेक्टर काही फार महाग वस्तू नाही. या पाण्यात तो न लावणं मला अक्षम्य वाटतं.

वळण पुढे ढकललं असतं तर होडी चुकली असती, पण पलीकडचा किनारा समोर आला असता. म्हणून वळणाची जागा तीच ठेवली. सेंटी पॉइंटपासून ठरलेलं अंतर राखायला रडारवर आखलेली समांतर रेघ हाच आधार. वेग सहा नॉटवर उतरवला, धोक्याचा इशारा म्हणून पाच छोटे भोंगे दिले. होडी बाजूला सरकली आणि आम्ही आखलेल्या मार्गावरूनच वळलो.

सहा नॉट योग्य होते का, यावर कॅप्टनचं आणि माझं अजून एकमत नाही. वेग कमी झाला की सुकाणूची पकड ढिली पडते, आणि राइट साउंडमधला वारा एवढ्या उंच जहाजाला आडवं ढकलतो. त्यांच्या मते आठच्या खाली उतरायलाच नको होतं. माझं म्हणणं, आठवर राहिलो असतो तर होडीला सरकायला लागलेला वेळ मिळाला नसता. रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. दोघांच्याही बाजूनं पुरावा निघतो.