दुसऱ्या गाडीतला ड्रायव्हर

१२ मे २००२ च्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर पाच जण बसले होते आणि त्यांतले चौघे फॉर्म्युला वनमधल्या फेरारी संघाचे चाहते होते. पाचवी माझी आजी. कोण जिंकतो याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते. ती सातच्या बातम्यांची वाट पाहत होती. ऑस्ट्रियाची शर्यत आपल्याकडच्या साडेपाचला सुरू झाली होती, रुबेन्स बारिकेलो पहिल्या जागेवरून सुटला होता आणि त्या दिवशी तो फेरारीतल्या आपल्या सहकाऱ्यापेक्षा, मायकल शूमाकरपेक्षा, सरस गाडी चालवत होता, हे शाळकरी वयातल्या मलाही दिसत होते. शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणातून दोन्ही लाल गाड्या सरळ रस्त्याला लागल्या आणि पुढची एकाएकी मंदावली. मला वाटले, इंजिन गेले; प्रत्यक्षात संघाने त्याला शूमाकरला पुढे जाऊ द्यायला सांगितले होते. मागची गाडी शेजारून निघून गेली आणि शूमाकर ०.१८२ सेकंदांनी विजयी ठरला.

त्यानंतर मैदानातल्या प्रेक्षकांनी जी हुर्यो उडवली, ती आमच्या जुन्या टीव्हीच्या घोगऱ्या स्पीकरमधूनही स्वच्छ ऐकू येत होती. ओशाळलेल्या शूमाकरने पोडियमवर बारिकेलोला ओढून सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले आणि स्वतः खाली थांबला. आमच्या दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, "ही शर्यत आहे की पालखी?" एवढेच म्हटले आणि डोक्यावरची लाल टोपी काढून माळ्यावर टाकली. पुढे जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला त्याच शूमाकरच्या हस्ते सचिनला फेरारीच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा ती टोपी गुपचूप खाली आली, हा भाग वेगळा. त्या प्रसंगाविषयीचे त्याचे मत मात्र आजतागायत बदललेले नाही.

माझे बदलले आहे. फॉर्म्युला वनचे चाहते एकत्र जमले की संघादेशाला, म्हणजे संघाने एका ड्रायव्हरला दुसऱ्यासाठी बाजूला व्हायला सांगण्याला, शिव्या घालणे हा शिष्टाचारच असतो. ज्याने तो आदेश पाळला त्याला 'बिचारा', 'नोकर' किंवा 'कणाहीन' यांपैकी एक विशेषण ठरलेले. मला हे अमान्य आहे. संघादेश हा या खेळातला वैध डाव आहे, आणि संघाची खरी पारख त्याच्या पहिल्या ड्रायव्हरवरून न करता दुसऱ्यावरून करावी, असे माझे मत आहे.

त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. दर संघाच्या दोन गाड्या धावतात, दोघांचे गुण मिळून संघाचे विजेतेपद ठरते आणि बक्षिसाच्या रकमेची वाटणी संघांच्या तक्त्यावरून होते. आपण टीव्हीसमोर बसून एका माणसाच्या नावाने ओरडत असतो, तेव्हा कारखान्यातल्या शेकडो माणसांच्या पगाराचे गणित दुसऱ्या तक्त्यावर मांडलेले असते. शिवाय प्रत्यक्ष शर्यतीतही दुसरी गाडी म्हणजे हातातला जादा पत्ता असतो. समजा, प्रतिस्पर्धी आघाडीवर आहे आणि त्याच्या मागे तुमच्या दोन गाड्या आहेत. एकीला लवकर पिटमध्ये बोलावून नवे टायर चढवता येतात आणि दुसरीला बाहेरच ठेवता येते. समोरच्याने पहिलीला उत्तर म्हणून पिटमध्ये जायचे ठरवले तर मैदान दुसरीला मोकळे होते. तो बाहेर राहिला तर पहिली गाडी नव्या टायरच्या जोरावर त्याचे सेकंद खात येते. त्याला एका वेळी एकाच धोक्याला उत्तर देता येते. तुमची दुसरी गाडी तेव्हा दहाव्या क्रमांकावर चाचपडत असेल, तर हा डाव टाकताच येत नाही.

म्हणून ऑस्ट्रियाच्या त्या आदेशावर माझा आक्षेप आहे, पण तो वेगळा आहे. सतरा शर्यतींच्या मोसमातली ती सहावी शर्यत होती, आधीच्या पाचांपैकी चार शूमाकरने जिंकल्या होत्या आणि पुढे त्याने विजेतेपद सहा शर्यती शिल्लक असतानाच, फ्रान्समध्ये, खिशात घातले. फेरारीला त्या चार जादा गुणांची काडीचीही गरज नव्हती. आदेश मूर्खपणाचा होता; त्याला पाप म्हणायचे कारण नाही. गंमत अशी की फेरारीला आणि तिच्या दोन्ही ड्रायव्हरांना मिळून जो दहा लाख डॉलर दंड झाला (त्यातला निम्मा स्थगित), तो आदेशासाठी झालाच नव्हता. पोडियमवर चुकीच्या पायरीवर उभे राहून राजशिष्टाचार मोडल्याबद्दल तो होता.

त्या गदारोळानंतर २००३ पासून संघादेशांवर बंदी आली आणि ती २०१० पर्यंत टिकली. या आठ वर्षांत आदेश थांबले नाहीत, फक्त सगळ्यांना खोटे बोलायची सवय लागली. २००७ मध्ये ब्राझीलच्या अखेरच्या शर्यतीत फिलिपे मासा स्वतःच्या गावात, साओ पावलोत, आघाडीवर होता. दुसऱ्या पिट स्टॉपनंतर त्याचा सहकारी किमी रायकोनेन अलगद त्याच्या पुढे आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. तेव्हा कोणी हुर्यो उडवली नाही, कारण सगळे काही पिटच्या आडोशाने झाले होते. तीन वर्षांनी होकेनहाइमला त्याच मासाला त्याच्या इंजिनिअरने, रॉब स्मेडलीने, रेडिओवर सांगितले की फर्नांडो (म्हणजे सहकारी अलोन्सो) तुझ्यापेक्षा वेगवान आहे, आणि निरोप समजल्याचे कळव. त्या आवाजातला अवघडलेपणा ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवत असेल. साध्या शब्दांत 'त्याला जाऊ दे' म्हणण्याची नियमाने चोरी होती, म्हणून ही आडवळणाची भाषा. तारीख होती २५ जुलै २०१०. बरोबर एक वर्षापूर्वी, २५ जुलै २००९ ला, हंगेरीत दुसऱ्या गाडीची सुटलेली स्प्रिंग डोक्याला लागून मासा मरता मरता वाचला होता. त्या दिवशी तो जिंकला असता तर ती पुनरागमनाची मोठी कहाणी झाली असती. त्यानंतर तो कधीच जिंकला नाही.

हे सगळे ठाऊक असूनही मी म्हणतो की तो आदेश योग्य होता. अलोन्सोला त्यातून सात जादा गुण मिळाले आणि मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला तो पहिल्या क्रमांकावर राहून गेला. तिथे, अबू धाबीत, फेरारीने प्रतिस्पर्धी वेबरवर नजर ठेवण्याच्या नादात त्याला चुकीच्या वेळी पिटमध्ये बोलावले, तो पेत्रोवच्या रेनोमागे अडकला आणि विजेतेपद चार गुणांनी गेले. चूक अबू धाबीत झाली. होकेनहाइमला झाली नव्हती. मासाबद्दल वाईट वाटणे आणि संघाचे गणित बरोबर होते असे मानणे, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात.

अर्थात याला मर्यादा आहे. बंदीच्याच काळात, २००८ ला सिंगापूरमध्ये, रेनोने आपल्या नेल्सन पिके ज्युनिअरला सहकाऱ्याच्या फायद्यासाठी मुद्दाम भिंतीवर गाडी आपटायला लावले. तो कट होता. त्याला मी संघादेश म्हणायला तयार नाही.

माझा खरा राग चाहत्यांच्या दुटप्पीपणावर आहे. २००२ च्या बारिकेलोला लाचार म्हणणारी मंडळी २०२१ च्या अबू धाबीतल्या रेड बुलच्या सर्जिओ पेरेझला मात्र डोक्यावर घेतात. पेरेझने त्या दिवशी झिजलेल्या टायरवर, नवे टायर लावून आलेल्या मर्सिडीजच्या हॅमिल्टनला वळणावळणाला अडवले. हॅमिल्टनने पुढे जावे, पेरेझने पुढच्याच वळणावर जागा परत घ्यावी, असे जवळजवळ एक फेरीभर चालले होते. तेवढ्यात पेरेझचा सहकारी व्हर्स्टॅपन कित्येक सेकंदांनी जवळ आला. पुढे आभासी सेफ्टी कार (धोक्याच्या वेळी सगळ्यांना वेग कमी करायला लावणारी व्यवस्था) लागली तेव्हा आघाडी न गमावता पिटमध्ये जाऊन येण्याइतके अंतर हॅमिल्टनकडे उरले नव्हते, त्यामुळे तो जुन्याच टायरवर राहिला. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपनने त्याला मागे टाकून विजेतेपद नेले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्या फेरीआधी सेफ्टी कार बाजूला घेण्याच्या शर्यत संचालक मासीच्या निर्णयावर आजही भांडणे होतात, पण तो निर्णय निर्णायक ठरावा अशी स्थिती पेरेझने तयार केली होती. एकाने संघासाठी स्वतःची शर्यत दिली तर तो नोकर आणि दुसऱ्याने दिली तर तो शूर, हा कोणता न्याय?

त्याच मोसमाचा दुसरा तक्ता कोणी पाहत नाही. व्हर्स्टॅपन ३९५.५ गुणांसह जगज्जेता झाला, हॅमिल्टन ३८७.५ वर राहिला. पण संघांचे विजेतेपद मर्सिडीजने ६१३.५ विरुद्ध ५८५.५ असे जिंकले, कारण वाल्टेरी बोटासचे गुण होते २२६ आणि पेरेझचे १९०. ज्याची लोक रेडिओवरच्या आदेशांवरून टिंगल करत होते, त्या बोटासने मर्सिडीजला सलग आठवे संघविजेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला होता. २०१८ मध्ये रशियातल्या सोचीला पोल, म्हणजे सुटण्याची पहिली जागा, त्याची होती, शर्यत त्याच्या हातात होती आणि ती त्याने सांगितल्यावर सोडली. त्या संपूर्ण वर्षात त्याला एकही विजय मिळाला नाही. हॅमिल्टनची गुणांची आघाडी त्या आदेशाआधीही चाळीसची होती, तेव्हा ऑस्ट्रियाला लावलेला 'मूर्खपणा' हा शब्द मी इथेही लावतो. पण त्यातून बोटासची किंमत कमी कशी होते, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

उलट उदाहरण २०२४ चे. व्हर्स्टॅपनने ४३७ गुण मिळवून चौथे विजेतेपद घेतले, पेरेझ १५२ वर आटोपला आणि रेड बुल संघांमध्ये मॅकलॅरेन व फेरारीच्या मागे तिसरी आली. गॅस्ली, आल्बन, पेरेझ, मग २०२५ मध्ये अवघ्या दोन शर्यतींत हटवलेला लॉसन आणि त्याच्या जागी त्सुनोदा. इतके ड्रायव्हर एकाच खुर्चीत बसून फिके पडत असतील, तर दोष खुर्चीत आहे का हे पाहायला हवे. गाडी एकाच माणसाच्या हाताला बेतून बनवायची आणि दुसऱ्याला ती जमली नाही की त्याला नालायक ठरवायचे, हे मला चांगल्या संघाचे लक्षण वाटत नाही. रेड बुलला मी व्हर्स्टॅपनच्या काळातला सर्वोत्तम संघ मानत नाही, असे म्हटले की समोरचा माणूस मी शुद्धीवर आहे का हे पाहू लागतो.

जुन्या काळी या त्यागाकडे वेगळ्या नजरेने पाहत असत. १९५६ मध्ये मोंझाला फेरारीच्या फांजिओची गाडी बिघडली. तेव्हा शर्यत चालू असताना गाडी सहकाऱ्याला देण्याची मुभा होती. सहकारी मुसोने नकार दिला. पीटर कॉलिन्स पिटमध्ये आला आणि स्वतःला विजेतेपदाची थोडीफार संधी शिल्लक असताना गाडीतून उतरून ती त्याने फांजिओला दिली. आपण अजून तरुण आहोत, आपली वेळ येईल, असा त्याचा हिशेब होता. दोनच वर्षांनी, २६ व्या वर्षी, तो न्यूरबुर्गरिंगला अपघातात गेला. त्याला कोणी कणाहीन म्हटल्याचे मी वाचलेले नाही.

आता सर्वांत अप्रिय मत. संघादेश नसलेला न्यायी संघ म्हणून मॅकलॅरेनचे कौतुक होते, पण मला ती ढवळाढवळ फेरारीपेक्षा जास्त वाटते. २०२५ मध्ये मोंझाला नॉरिस दुसरा आणि पियास्त्री तिसरा होता. मागचा धोका टाळण्यासाठी पियास्त्रीला आधी पिटमध्ये आणले. नॉरिसला त्याची जागा जाणार नाही असा शब्द दिला होता. मग नॉरिसचे चाक लागायला वेळ लागला आणि पियास्त्री पुढे निघाला. संघाने पियास्त्रीला जागा परत करायला सांगितली. पिट स्टॉप लांबणे हा शर्यतीचा भाग असतो असे आपले ठरले होते, अशी कुरकुर त्याने रेडिओवर केली आणि मग जागा दिलीही. मोसमाअखेर नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१. मोंझाची ती अदलाबदल म्हणजे तीन गुण. बाकीच्या शर्यती जशाच्या तशा झाल्या असत्या असे धरले तर नॉरिस ४२० वर थांबतो. फेरारीने निदान 'आमचा पहिला ड्रायव्हर हा आहे' असे सांगून आदेश दिला होता. मॅकलॅरेनने दोघांना समान म्हणायचे आणि मग नशिबाचे माप काट्याने तोलून परत द्यायचे, म्हणजे संघाने पंचाची खुर्ची घेण्यासारखे आहे. मंद पिट स्टॉपची भरपाई द्यायची, तर फुटलेल्या टायरची का नाही? पावसाची का नाही?

हे सगळे मी परवा दादाला फोनवर ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पियास्त्रीचे तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण मग त्या न्यायाने बारिकेलोचेही आमचेच बरोबर होते की." मी म्हटले, नव्हते, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो. वहिनीने मागून विचारले की हे अजून २००२ चेच चालले आहे का.