ड्रायव्हर पळतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

2024 च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी नव्या कायद्याविरुद्ध संप केला, पंपांवर रांगा लागल्या, आणि तेव्हापासून लग्नात, बाराव्या-तेराव्याला, अगदी दाढी करायला बसलो तरी मला एकच प्रश्न येतो. ‘‘नाना, तुम्ही एवढी वर्षं गाडी मारलीत. खरं सांगा, माणूस उडवला की ड्रायव्हर पळतो का?’’

विचारणाऱ्याने उत्तर घरूनच आणलेलं असतं. त्याला फक्त माझी मान हललेली बघायची असते. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हा कागद पुढे करीन आणि माझा चहा पिईन.

पहिलं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: जमाव मारतो. ते खोटं नाही. भाच्याने मला मोबाईलवर नवा कायदा वाचून दाखवला होता. न्याय संहितेचं कलम 106, पोटकलम दोन. माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेच्या 304-अ मध्ये दोन वर्षं होती. संपानंतर ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं आणि 1 जुलै 2024 पासून बाकीचा कायदा लागू केला. भाचा बँकेत आहे. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘‘मामा, माणुसकी म्हणून काही असतं की नाही?’’ मी त्याला म्हटलं, आता 1988 चा मोटार वाहन कायदा काढ, कलम 134. जखमीला दवाखान्यात नेणं हे ड्रायव्हरचं काम, असं त्यात लिहिलंय. पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट, असंही त्याच वाक्यात लिहिलंय. म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला जमाव माहीत होता. तुला माहीत नाही, कारण तुझ्या बँकेत कोणी आडवा येत नाही.

एवढं बोलून मी जिंकायचो. वर एक किस्सा जोडायचो. कशेडी घाटाच्या पायथ्याला एका गाडीने माणसाला ठोकरलं. ड्रायव्हर पळाला, पण सतरा वर्षांचा किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, जखमीजवळ थांबला. लोक आले आणि त्यांनी किन्नरालाच बदडला. डाव्या कानाचा पडदा फाटला पोराचा. बघा, थांबला त्याचं काय झालं. लोक गप्प व्हायचे.

पंचवीस-सव्वीस वर्षं हा किस्सा मी ‘एका ड्रायव्हरचा’ म्हणून सांगितला. तो ड्रायव्हर मी.

आता आधी कंपनीबद्दल सांगायला हवं. आमच्या जुन्या मंडळींचा दरवर्षी दसऱ्यानंतर देवळाच्या सभागृहात मेळ असतो आणि तिथे सगळे कंपनीच्या नावाने डोळे पुसतात. पुसू देत. कंपनी वाईट नव्हती. नाव लिहीत नाही, जाणणारे जाणतात. वीस-बावीस गाड्या. मोसमात आंबा, एरवी लोट्याच्या एमआयडीसीतली पिंपं, कणकवलीकडची सिलिका वाळू, आणि वाशीहून येताना किराणा किंवा खत. शेठनी गणपतीची सुट्टी कधी कापली नाही. कोकणातल्या ड्रायव्हरला यापेक्षा जास्त काय हवं असतं? माझे वडील गेले तेव्हा मी वाशीच्या मार्केटात गाडी खाली करत होतो. शेठनी स्वतःची जीप पाठवली आणि दिवस-कार्याचे पैसे दिले ते परत घेतले नाहीत. दसऱ्याला प्रत्येक गाडीला हार, नारळ, ड्रायव्हरला पँटपीस आणि किन्नराला शर्टपीस.

आणि डिझेलचा हिशेब.

त्याबद्दल मेळात कोणी बोलत नाही. रत्नागिरी ते वाशी आणि परत, साधारण साडेसहाशे किलोमीटर, लिटरला चार किलोमीटरचं एव्हरेज धरून खेपेला 170 लिटर ठरलेलं. जास्त लागलं तर पगारातून, वाचलं तर ड्रायव्हरचं. वाचवायचं कुठे? उतारावर. गाडी न्यूट्रलला टाकायची आणि इंजिन बंद करायचं. खेपेला पाच-सात लिटर सहज सुटायचे. आवाराच्या भिंतीवर शेठनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘घाटात गाडी गिअरमध्येच उतरवा’. डिझेलचा हिशेब त्याच भिंतीतल्या खिडकीत व्हायचा. 26 जानेवारी 1999 ला कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली आणि कंपनीने गोव्याचा काही माल तिच्यावरून पाठवून पाहिला. ट्रक मालगाडीच्या वाघिणीवर उभा, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून. घाट नाही, जागरण नाही. तरी आमच्यातले निम्मे कुरकुरले, कारण डिझेल जळतच नाही तर वाचणार काय.

ज्यांनी ट्रक चालवला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागून धरून ठेवतं, ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात आणि जळका वास केबिनपर्यंत येतो. शिवाय ब्रेक हवेवर चालतात, आणि इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, मग ब्रेकच्या प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते आणि नवी भरत नाही.

1997 चा मे. संध्याकाळी सहाला रत्नागिरीकडून निघालेला आंबा. पहाटे वाशीला पोचला तर भाव, सूर्य वर आला की पडेल तो भाव. कशेडीच्या माथ्यावर आम्ही अकराच्या पुढे आलो. वळवाची एक सर पडून गेली होती, रस्ता ओला होता. मी न्यूट्रल टाकला. सवयीने टाकला. आता बोगदा झालाय, गाड्या तो घाट न उतरताच पलीकडे निघतात. तेव्हा एकेक वळण मोजत खाली यावं लागायचं. शेवटच्या उतारावर पोलादपूरचे दिवे दिसले की प्रत्येक ड्रायव्हरचा जीव सैल होतो. माझाही झाला.

एक माणूस कडेने चालला होता, हातात बॅटरी. तो वळला, बॅटरीचा उजेड माझ्या काचेवर आला. मी ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं, पण उशिरा ऐकलं. बंपरचा डावा कोपरा लागला. आवाज मोठा नव्हता, सुपारीची टोपली जमिनीवर ठेवावी तेवढाच. गाडी चाळीसेक पावलं पुढे जाऊन थांबली.

मी उतरलो. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो, उतरून चार पावलं मी त्याच्याकडे गेलो. माणूस जिवंत होता. रस्त्यावर बसला होता, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि हाताने चाचपत चप्पल शोधत होता. ओरडत नव्हता. ‘‘माझं चप्पल खय?’’ असं काहीसं म्हणत होता. मागून आमचा किन्नर धावत आला आणि त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. मग वरच्या वाडीत कुत्री भुंकली, दिवे लागले, माणसांचे आवाज आले.

मी वळलो आणि रस्त्याखालच्या वहाळात उतरलो.

जाताना पोराला ‘चल’ म्हणालो होतो, असं मला पक्कं आठवायचं. हल्ली तेवढं पक्कं आठवत नाही.

वहाळ कोरडा होता, मोठमोठे धोंडे. करवंदीच्या जाळीत शर्ट फाटला. दोनेकशे पावलं खाली जाऊन एका धोंड्यामागे बसलो. आणि मग हॉर्न सुरू झाला.

आमच्या गाडीचा प्रेशर हॉर्न दोन सुरांचा होता, टाकीतल्या त्याच हवेवर वाजणारा, मीच हौसेने बसवून घेतलेला. पोरगं तो दाबून धरत होतं. कोणासाठी? मदतीला कोणी यावं म्हणून, की माझ्यासाठी? मी स्वतःला सांगितलं, लोकांसाठी. पण लोक आलेलेच होते. हॉर्न वाजत होता आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की गाढव हवा संपवतोय. देवाशपथ, हाच विचार आला. आणि हवा संपतच होती. आवाज आधी घोगरा झाला, मग बारीक, मग नुसता फुसफुस. एवढ्या लवकर बसायला नको होता. टाकीत पुरेशी हवा असती तर बराच वेळ वाजला असता. त्या अंधारात बसून मला कळलं की घाट उतरताना मी हवा कुठपर्यंत खाली आणली होती. पोलिसांना ते कधीच कळलं नाही. आरटीओचा इन्स्पेक्टर आला तोवर ड्रम गार झाले होते आणि कोणीतरी इंजिन चालवून हवा भरून ठेवली होती. ब्रेक उत्तम, असा दाखला मिळाला.

इंजिन चालवायला चावी लागते. चावी माझ्या खिशात होती. मुद्दाम नेली नाही, उतरताना चावी काढायची हाताची सवय. पण ते पोरगं आवारात गाड्या मागेपुढे करायचं, सपाटीला चालवायचंही. चावी असती तर जखमीला केबिनमध्ये घालून पोलादपुराला घेऊन गेलं असतं. चावी नाही, म्हणून हॉर्न. हॉर्न थांबल्यावर वरून जे आवाज आले ते लिहीत नाही.

मार खाऊन झाल्यावरही पोरानेच एका लग्नाच्या वऱ्हाडाची जीप अडवली आणि त्या माणसाला महाडला नेलं. सावित्रीच्या त्या जुन्या पुलावरून, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जो दोन एसट्यांसकट वाहून गेला त्याच. तो माणूस वाचला. पायात सळई आली, पण वाचला.

मी चारच्या सुमाराला रस्त्यावर आलो आणि पोलादपुरात एसटीडी बूथ उघडायची वाट बघत बसलो. आता भाचा विचारेल, पहिला फोन पोलिसांना केलात ना? कंपनीला केला. तसंच सांगितलेलं असायचं, आधी लांब हो, मग फोन कर, पुढचं आम्ही बघतो. दहा वाजता कंपनीचा माणूस वकील घेऊन आला आणि मला हजर केलं. जबाब ठरलेला, ‘इसम अचानक आडवा आला.’ संध्याकाळपर्यंत जामीन. मग महाडच्या कोर्टात चार वर्षं तारखा, आणि शेवटी निर्दोष. किन्नराने साक्षीत तेच वाक्य म्हटलं, इसम अचानक आडवा आला. त्याला ते कोणी पढवलं ते मला माहीत आहे. मी पढवलं नाही. मी नको म्हणालो, असंही नाही.

शेठनी पोराच्या दवाखान्याचा सगळा खर्च केला. मला म्हणाले, ‘‘बरोबर केलंस. थांबला असतास तर ड्रायव्हरही गेला असता आणि गाडीही जाळली असती.’’ ते मनापासून बोलले. त्या वाक्याच्या आधारावर मी पुढे सहा वर्षं त्याच कंपनीत गाडी मारली. महिनाअखेरीला खिडकीत हिशेब झाला तेव्हा त्या अर्ध्या खेपेत वाचलेलं डिझेल धरलं होतं, तीन लिटर. मी सही केली.

मग ड्रायव्हर पळतो का? 1997 चा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, तू थांबला असतास तर तुझे दोन्ही कान गेले असते, कदाचित तूही. घरात दोन लहान पोरी होत्या. मी म्हणतो, सतरा वर्षांचं पोरगं थांबलं. तो म्हणतो, त्याच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, ज्याच्या हातात असतं त्यालाच लोक ठार मारतात. यावर मला उत्तर सुचत नाही. मी चावीचं विचारतो. मग तो गप्प बसतो. पण गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, तोही ड्रायव्हर आहे. जमाव खरा होता, न्यूट्रलही खरा होता. वहाळात मी कोणाला घाबरून बसलो होतो, वाडीवाल्यांना की त्या हॉर्नला, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्हाला एका वाक्यात उत्तर हवंय. माझ्याकडे ते नाही आणि जे देतात त्यांनी बहुधा गाडी चालवलेली नाही.

त्या पोराचे आता दोन टेम्पो आहेत. पन्नाशीकडे झुकलाय, मेळाला दरवर्षी येतो, मला अजून ‘उस्ताद’ म्हणतो. सगळे मला हा प्रश्न विचारतात, त्याने कधी विचारला नाही. तो उजव्या कानाने ऐकतो, त्यामुळे बोलायचं तर माणसं त्याच्या उजव्या अंगाला बसतात. मी कसा कोण जाणे, दरवेळी डाव्या अंगाला बसतो.

गेल्या मेळाला त्याचा मुलगा आला होता, नुकतंच लायसन काढलेला. जेवणं झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘नाना, खरं सांगा, ड्रायव्हर पळतो का?’’

मी म्हटलं, ‘‘जमाव मारतो, बाबा.’’

त्याचा बाप माझ्या शेजारी सुपारी कातरत होता, डावा कान आमच्याकडे. अडकित्ता मध्येच थांबल्यासारखा वाटला. मग पुन्हा चालू झाला.