गाठ, ब्लॉक, ड्रेन आणि थर्मामीटर

मेणाचा एक चौकोनी तुकडा. बोटाच्या दीड पेराएवढा, प्लॅस्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेला, कडेला बारीक अक्षरात नंबर. त्या मेणात गाठीतून काढलेले दोऱ्यासारखे तुकडे असतात. याला ब्लॉक म्हणतात. ब्रेस्ट कॅन्सर निघाला म्हणून कुणाच्या घरचे जाडजूड फाईल घेऊन आले, की पहिला प्रश्न हाच: ब्लॉक कुठाय?

बहुतेक वेळा रिपोर्ट हातात असतो आणि ब्लॉक लॅबमध्येच पडून असतो. पुढची सगळी गणितं मात्र त्याच तुकड्यावर होतात. गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का (ईआर, पीआर) आणि हर-टू (गाठ भराभर वाढवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आहे का, हे त्यातूनच कळतं. कोल्हापुरातून परळच्या टाटाला गेलात, तर तिथले पॅथॉलॉजिस्टही कागदावर भागवत नाहीत, स्लाईड आणि ब्लॉक मागतात. मग कोल्हापूरला परत फेरी, लॅबमध्ये अर्ज, आठवडा गेला. त्यापेक्षा रिपोर्ट घेतानाच ब्लॉक आणि स्लाईड लेखी अर्जावर मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथंच काउंटरवर जुळवून बघा. आणि एप्रिल-मे असेल तर ती डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेणच ते, वितळतं.

त्याच्याही आधीची चूक जास्त महाग पडते. गाठ दुखत नाही म्हणून ६ महिने अंगावर काढली जाते, ही एक गोष्ट. (न दुखणारी, कडक, हलवली तरी न सरकणारी गाठ हीच तर जास्त संशयाची. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्ताळ पाणी येणं, हेही तसंच.) दुसरी गोष्ट म्हणजे जवळच्या दवाखान्यात 'छोटं ऑपरेशन करून गाठ काढून टाकू' असं ठरतं, गाठ निघते, आणि तपासायला एकतर पाठवली जात नाही किंवा अर्धीमुर्धी निघालेली असते. मग नंतरच्या सर्जनला गाठ किती मोठी होती, कुठवर पसरली होती, कडा मोकळ्या होत्या का, यातलं काहीच कळत नाही. योग्य क्रम असा: डॉक्टरांनी हातानं तपासणं, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग ट्रूकट बायोप्सी. ट्रूकट म्हणजे तेवढीच जागा बधिर करून जाड सुईनं ४-५ तुकडे घेणं. बाह्यरुग्ण विभागात १५-२० मिनिटांत होतं, टाका लागत नाही. बारीक सुईच्या तपासणीत नुसत्या पेशी येतात. त्यावरून कॅन्सर आहे एवढं कळेल, पण ईआर, पीआर, हर-टूसाठी ट्रूकटच बरी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हे सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळे सांगतील. तसं होत नाही.

तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवेत, सलाईनमध्ये नाही. फॉर्मॅलिन तुकड्यांच्या निदान १० पट, आणि त्यात ते ६ ते ७२ तास राहायला हवेत. शनिवारी बायोप्सी झाली, सोमवारी सुट्टी आली आणि बाटली मंगळवारपर्यंत टेबलावरच राहिली, तर हार्मोनची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे जिला पुढं ५ वर्षं हार्मोन अडवणाऱ्या गोळीचा फायदा झाला असता, तिला गोळीच मिळणार नाही. म्हणून बायोप्सी आठवड्याच्या सुरवातीला करून घ्या, एवढा हट्ट धरायला हरकत नाही. हर-टूचा रिपोर्ट ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे ठरलेलं नाही, 'फिश' नावाची पुढची तपासणी लागते. '२+ म्हणजे थोडंसं पॉझिटिव्ह' असं समजून गप्प बसू नका.

आता कागदांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, पहिली भेट त्यांची घ्या. त्यांना एकच प्रश्न नीट विचारा: या दवाखान्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन या तिन्हींना योजना लागू आहे का? दवाखान्याला मान्यता विभागवार असते. ऑपरेशन योजनेत झालं आणि रेडिएशनला भलतीकडं जावं लागलं, असं होऊ शकतं. मंजुरी उपचाराआधी लागते. आधी पैसे भरून नंतर परत मिळवू, हे इथं चालत नाही. आणि सगळ्यात जास्त अडतं कुठं? नावात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डवर सासरचं, दवाखान्याच्या केसपेपरवर तिसरंच काहीतरी. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुरुस्त होत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा लागतो, त्याच आठवड्यात घरातल्या कुणीतरी पुरवठा कार्यालयाची फेरी मारून घ्यावी. योजनेची हेल्पलाईन १५५३८८.

कोल्हापूरकराला उपचार कोल्हापुरात, मिरजेला किंवा मुंबईला मिळतात. टाटातच गेलं पाहिजे असं नाही. आमचं मत विचाराल तर नेमके उपचार ठरवण्यासाठी एकदा मोठ्या ठिकाणचं मत घ्यावं आणि केमो, रेडिएशन घराजवळ घ्यावं. ४-५ महिने मुंबईत खोली करून राहणं पैशानं आणि जिवानं दोन्हीकडून मारतं. मुंबईला जायचंच असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी दवाखान्यातून रेल्वे सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह भरून घ्या. स्लीपर आणि थ्री टियर एसीत पेशंटला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के.

केमो. नेहमीचा एक क्रम असा असतो: एसीची (अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं) ४ सायकल, दर २ किंवा ३ आठवड्यांनी, आणि मग पॅक्लिटॅक्सेल, बहुधा दर आठवड्याला १२ वेळा. एसीतलं एक औषध लालभडक असतं. त्यानंतर दिवसभर लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पण हेच औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं. सलाईनच्या जागी चुरचुरलं किंवा फुगलं तर सिस्टरांना त्याच क्षणी हाक मारायची, 'बाटली संपत आलीच आहे' म्हणून थांबायचं नाही. शिरा बारीक असतील तर पिक लाईन (दंडातून मोठ्या शिरेत जाणारी नळी) किंवा पोर्ट (कातडीखाली बसवलेली, शिरेला जोडलेली छोटी डबी) घालून घ्या. पिक लाईन दर आठवड्याला फ्लश आणि ड्रेसिंग मागते, पोर्टला महिन्या-दीड महिन्यातून एकदा फ्लश पुरतो. आडगावात राहणाऱ्या बाईला म्हणूनच पोर्ट परवडतो, जरी सुरवातीला महाग वाटला तरी. ऑपरेशनआधी केमो असेल तर पहिल्या सायकलआधी गाठीत क्लिप (खुणेचा धातूचा बारीक तुकडा) घातलीय का ते विचारा. गाठ विरघळून गेली तर नंतर सर्जननं कापायचं कुठं?

आणि ताप. केमोच्या दिवसापासून ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात १००.४ फॅरनहाईट ताप म्हणजे तातडीची केस, रात्रीचे २ वाजले असले तरी. होतं काय, की अंग कोमट लागलं म्हणून घरात पॅरासिटामॉल दिली जाते, ताप उतरतो, सगळे झोपतात, आणि जंतू रक्तात वाढत राहतात. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, गोळी डॉक्टर म्हणतील तेव्हा. गावातल्या डॉक्टरांकडं जायची वेळ आलीच तर एक सलाईन लावून परत पाठवू नये, म्हणून पर्समध्ये चिठ्ठी ठेवा: 'केमो चालू आहे, शेवटची तारीख अमुक, ताप आल्यास लगेच सीबीसी आणि शिरेतून अँटिबायोटिक.' खाली कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर. अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं असा नियम आहे. कागलवरून किंवा गडहिंग्लजवरून येणाऱ्यांनी त्यामुळं गाडी कुणाची, चालवणार कोण, हे पहिल्या सायकललाच ठरवून ठेवावं. पेशी वाढवायचं इंजेक्शन केमोनंतर २४ तास उलटल्यावरच घ्यायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं पण फ्रीजरमध्ये नाही. ते घेतल्यावर कंबर, मांड्या ठणकतात. तो औषधाचा गुण आहे, घाबरायचं कारण नाही.

खाण्याबद्दल कोल्हापुरात एक वेगळी सूचना द्यावी लागते. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध बंद. म्हशीखालून थेट ग्लासात आलेलं दूध पैलवानाला ठीक, पेशी उतरलेल्या बाईला नाही. दूध उकळूनच. रस्त्यावरचा उसाचा रस आणि कापून ठेवलेली फळंही नकोत. तांबडा रस्सा बंद करायला कुणी सांगत नाही, पण तोंड आलेलं असताना तो उतरणार नाही. तेव्हा पांढरा रस्सा कोमट करून, तिखट न घालता, मटण मऊ शिजवून द्या, प्रोटीन मिळतं. शाकाहारी असेल तर मूगडाळीचं कट, ताक-भात, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. 'साखर बंद, दूध बंद, फक्त गव्हांकुराचा रस' असले सल्ले ऐकून वजन उतरलं की पुढची सायकल लांबते.

ऑपरेशननंतर घरी येताना बगलेखालून एक नळी आणि तिला जोडलेला भाता येतो, तो ड्रेन. याबद्दल दवाखान्यात २ मिनिटांत सांगतात आणि घरी ८-१० दिवस तोच डोक्याला ताप असतो. रोज ठरावीक वेळेला, समजा सकाळी ८ वाजता, हात धुऊन झाकण उघडायचं, पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. मग भाता पूर्ण दाबून, दाबलेला असतानाच झाकण लावायचं. भाता फुगलेला राहिला तर तो ओढतच नाही, पाणी आत साठतं. नळी अंगाजवळ एका हाताच्या चिमटीत घट्ट धरून दुसऱ्या हातानं खाली भात्याकडं निथळत न्यायची, म्हणजे रक्ताची गुठळी पुढं सरकते. रंग लालवरून गुलाबी आणि मग पिवळसर होत जातो. साधारण २४ तासांत ३० मिलीच्या आत, तेही सलग २ दिवस आलं की ड्रेन निघतो. पण आकडा एकदम १२० वरून ५ वर आला आणि बगल फुगली, तर ती बरी होण्याची खूण नाही, नळी तुंबली आहे. एकदम लालभडक आणि भराभर भरू लागलं तर थेट दवाखाना. भाता परकराच्या नाडीला कापडी पिशवीत अडकवा. नुसता लोंबता ठेवला तर उठताना पायात येऊन ओढला जातो, आणि तो बहुधा रात्री ओढला जातो.

खांदा आखडू द्यायचा नाही. पहिल्या दिवसापासून मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंत, निघाल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर. जिथवर पोचली तिथं पेन्सिलीनं रेघ मारा, रोज रेघ वर गेली पाहिजे. बगलेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढं वर्षानुवर्षं राहतो. शेतातल्या बाईला 'हाताला इजा होऊ देऊ नका' एवढं सांगून भागत नाही. वैरण कापताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजा घाला, शेणाची पाटी दुसऱ्या हातानं उचला, घट्ट बांगड्या काढून ठेवा, विळा लागला तर लगेच साबण-पाणी. महिन्यातून एकदा दोन्ही हात शिंप्याच्या टेपनं कोपराच्या १० सेंटिमीटर वर आणि खाली मोजा. फरक २ सेंटिमीटरवर गेला की फिजिओथेरपिस्टकडं. सूज नवी असताना उतरते, जुनी झाली की हात घट्ट होतो.

रेडिएशनला कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक. हल्ली बहुतेकींना १५ वेळा, आठवड्यातून ५ दिवस, कुणाला वर चार-पाच जास्त. अंगावरच्या खुणा पुसायच्या नाहीत, हळद-चंदनाचा लेप नाही, पावडर नाही, सुती सैल ब्लाऊज. त्यातून अंगात किरणं राहत नाहीत, नातवंडाला खुशाल जवळ घ्या. खंड मात्र पडता कामा नये, आणि इथं पंचगंगा आडवी येते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये रेडिएशन येत असेल आणि गाव पुराच्या पट्ट्यातलं असेल, तर ३९ चा आकडा यायच्या आत शहरात पाहुण्यांकडं मुक्काम हलवा. केमो दोन-चार दिवस पुढं सरकली तर डॉक्टर सांभाळून घेतात, रेडिएशनच्या मध्ये आठवडा गेला तर ती भरपाई अवघड असते.

एका बाजूचं स्तन काढलं असेल तर प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. एका बाजूला वजन नाही म्हणून पाठ, मान दुखते आणि ब्रा वर सरकते. जखम भरेपर्यंत ब्रेसियरमध्ये त्या बाजूला कापसाची हलकी घडी, दीड-दोन महिन्यांनी वजनाची. सिलिकॉनची महाग पडते. घरी करायची तर मऊ सुती कापडाच्या पिशवीत कापूस आणि खालच्या अंगाला मोहरी भरा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दुसऱ्या बाजूच्या अंदाजानं वजन जुळवा, ब्रेसियरला आतून खिसा शिवून घ्या. धुताना मोहरी काढून, नाही तर मोड येतात.

ईआर पॉझिटिव्ह असेल तर शेवटी राहते रोजची गोळी. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमोक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल २.५, किमान ५ वर्षं. गरम वाफा येतात, सांधे धरतात, आणि दुसऱ्या वर्षी 'आता बरं आहे की' म्हणून गोळी सुटते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मिळते. टॅमोक्सिफेनवर असताना अंगावरून अवेळी रक्त गेलं किंवा एकच पोटरी सुजली तर लगेच दाखवा. पाळी चालू असेल तर गर्भ राहू देऊ नका, पण त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या नकोत, तांबी चालते. लेट्रोझोलवर हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा (हाडांची घनता मोजायची) तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पाकिटं दोन महिन्यांची एकदम आणा, गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारा. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.