आठ मुलांची टक्केवारी

पालकसभेच्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी वार्षिक निकालाचा तक्ता शाळेच्या व्हरांड्यातील फलकावर लावला आणि प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीच तो काढून घेतला. मधल्या वीस मिनिटांत काय झाले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आमची शाळा सातवीपर्यंतची आहे आणि पट 58 आहे. वरच्या कार्यालयाकडून आलेल्या नमुन्यात प्रत्येक इयत्तेचा निकाल केवळ एकूण न देता मुलगे-मुली, घरची भाषा, पालकांचे शिक्षण, शाळेत नव्याने दाखल झालेले आणि जुने विद्यार्थी अशा गटांत विभागून द्यायचा होता. या मागणीमागचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. 1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी हजारो शाळांचा अभ्यास करून दाखवले होते की, मुलांच्या यशापयशातील फरकाचा मोठा भाग शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जोडलेला असतो. तेव्हापासून गटवार निकाल मागण्याची प्रथा रुजत गेली, कारण एकूण सरासरीच्या आड मागे पडलेला गट सहज लपतो. मात्र त्या अभ्यासातील गटांत हजारो मुले होती आणि माझ्या पाचवीच्या वर्गात आठ.

गेल्या वर्षी पाचवीत दहा मुले होती आणि त्यांतील नऊ जणांनी वाचनाची अपेक्षित पातळी गाठली होती, म्हणजे निकाल 90 टक्के. यंदा आठांपैकी सहा जणांनी ती गाठली, म्हणून निकाल 75 टक्के. नमुन्यातील नियमानुसार दहा टक्क्यांहून अधिक घसरण झाल्यास वेगळ्या चौकटीत कारण लिहावे लागते. पंधरा टक्क्यांची घसरण हे शब्द वाचले की शाळेत काहीतरी मोठे बिघडले असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गेल्या वर्षी एक मूल मागे होते आणि यंदा दोन आहेत. फरक एका मुलाचा. दोनशे मुलांच्या इयत्तेत तेच एक मूल निकाल अर्ध्या टक्क्याने हलवते, तर आमच्याकडे साडेबारा टक्क्यांनी.

त्या सकाळी तक्त्यासमोर पाचवीतील एक मुलगी उभी होती. ती तीन महिन्यांपूर्वीच आमच्याकडे दाखल झाली होती आणि तिच्या घरी वेगळी भाषा बोलली जाते. 'घरची भाषा' या शीर्षकाखाली दोन ओळी होत्या : 'शाळेचीच भाषा – 7 विद्यार्थी, 86 टक्के' आणि 'इतर भाषा – 1 विद्यार्थी, 0 टक्के'. तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून अडखळत, पण संपूर्ण वाक्यात मला विचारले, "बाई, हे शून्य म्हणजे मीच ना?"

जे वाचन तिला येत नसल्याची नोंद मी केली होती, तेच वाचन करून तिने हा प्रश्न विचारला होता, हे माझ्या ध्यानात नंतर आले. त्या क्षणी मला इतकेच कळले की, तक्त्यात कोणाचेही नाव नसले तरी तो वाचणाऱ्या प्रत्येकाला ते नाव कळणार आहे. मी तिला म्हणाले, "तो तक्ता माझा चुकला आहे, मी तो बदलते," आणि कागद उतरवला.

मुख्याध्यापक सरांनी सुचवले की, ती ओळ तेवढी झाकावी. आम्ही शून्याच्या जागी फुली मारून पाहिली. परंतु वर एकूण आठांपैकी सहा हा आकडा होता आणि शेजारी सातांपैकी सहा. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही झाकलेला आकडा काढता आला असता. म्हणजे एक आकडा लपवायचा तर दुसराही लपवावा लागतो, आणि तसे करत गेलो तेव्हा तक्त्यात इयत्तेच्या एकूण निकालाखेरीज काहीच उरले नाही. 'पालकांचे शिक्षण' या रकान्याचीही तीच गत होती, कारण वर्गात एक जुळ्यांची जोडी आहे आणि त्यामुळे एकच घर तिथे दोनदा मोजले गेले होते.

सभेत एका पालकांनी विचारले की, मग मागच्या वर्षीच्या 90 टक्क्यांचे कौतुक आपण का केले होते? प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. अठराव्या शतकात द म्वाव्र या गणितज्ञाने दाखवून दिले होते की, गट जितका लहान तितकी त्याची सरासरी अधिक वरखाली होते, आणि तो चौपट केला तर ही हालचाल निम्मी होते. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातील 1,662 शाळांचे पाचवीचे गुण तपासले, तेव्हा सर्वांत वरच्या 50 शाळांमध्ये सर्वांत लहान 50 पैकी सहा शाळा आढळल्या, निव्वळ योगायोगाने एक-दोन आढळायला हव्या होत्या. तळाच्या 50 मध्ये त्याच लहान शाळांपैकी नऊ होत्या. शिखरावरही आम्हीच आणि तळाशीही आम्हीच. गेल्या वर्षी टाळ्या घेताना हे सांगायला हवे होते, अशी कबुली मी सभेत दिली.

शेवटी फलकावर पाचवीचा तीन वर्षांचा एकत्रित निकाल लावला : 27 पैकी 23. प्रत्येक मुलाने वर्षभरात कोठून कोठपर्यंत मजल मारली, हे ज्याच्या त्याच्या पालकांना स्वतंत्रपणे सांगितले. त्या मुलीच्या वडिलांना मी तिची पहिल्या आठवड्यातली आणि कालची वही शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले.

राहिली ती घसरणीच्या कारणाची चौकट. खरे कारण लिहायचे तर तीन महिन्यांपूर्वी कोण आले, हे लिहावे लागले असते. मी लिहिले, "इयत्तेचा पट 8 असल्याने हा फरक एका विद्यार्थ्याएवढाच आहे." आठवड्याभराने नमुना परत आला. त्यावर शेरा होता : 'कारण पुरेसे नाही, सविस्तर लिहावे.' सरांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला. मी त्याखाली मागच्या तीन वर्षांचे पट आणि निकाल जोडले, कारणाचे वाक्य होते तसेच ठेवले आणि सरांची सही घेऊन नमुना पुन्हा पाठवला.